पेन्सिलीने लिहायचे शेरे

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे गुडघ्याचं दुखणं निघालं, मग मुलीकडे अमेरिकेला जाऊन आले आणि आल्यावर घराची रंगसफेदी. त्यामुळे इथे काही लिहिणं झालं नाही. पण जो तो भेटल्यावर एकच विचारतो, "बोटीने अलास्काला जाऊन आलात म्हणे! काय काय पाहिलंत?" दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

तर, पाहिलं सगळं. देवमासा पाहिला (म्हणजे त्याचं शेपूट), हिमनदी पाहिली, पांढऱ्या डोक्याचा गरुड पाहिला. पण खरं सांगू का, सात दिवसांत मी सगळ्यांत जास्त पाहिली ती माणसं. भाच्याला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, माणसंच बघायची होती तर दादर स्टेशनच्या पुलावर उभी राहायचीस. एवढा खर्च कशाला?"

मी हसले, पण मला ते पटलं नाही. दादरच्या पुलावर माणूस दिसतो न दिसतो तोवर गर्दीत नाहीसा होतो. बोटीवर तोच माणूस सकाळी चहाला दिसतो, दुपारी जिन्यात भेटतो, रात्री जेवताना पलीकडच्या टेबलावर असतो. असं सात दिवस. जाणार कुठे, चहूकडे पाणी! त्यामुळे माणूस ओळखण्यात आपली चूक झाली तर ती उघडकीला यायलाही तिथे वेळ मिळतो. माझ्या बऱ्याच चुका उघडकीला आल्या. त्याबद्दलच आज लिहायचं आहे.

ही गोष्ट २०२४ सालच्या जुलैमधली. मुलगी, जावई, चौदा वर्षांची नात आणि मी. बोट सिएटलहून निघते आणि सात दिवसांनी सिएटललाच परत येते. वाटेत जुनो, स्कॅगवे, केचिकन ही अलास्कातली गावं लागतात, एक अख्खा दिवस ग्लेशियर बे नावाच्या खाडीत जातो, आणि शेवटच्या संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तास मुक्काम. त्या शेवटच्या मुक्कामाची गंमत जावयांनी सांगितली. बोटीची कंपनी अमेरिकेची, प्रवासी बहुतेक अमेरिकेचे, पण बोटीची नोंदणी बहामाची. आणि अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे, की परदेशी नोंदणीच्या बोटीने अमेरिकेच्या बंदरातून प्रवासी घेऊन अमेरिकेचीच बंदरं फिरवून आणायची असतील, तर मधे एखाद्या परक्या देशाच्या बंदराला लागलंच पाहिजे. म्हणून व्हिक्टोरिया. सव्वाशे वर्षांहून जुन्या कायद्यासाठी दोन हजार माणसं रात्री आठ वाजता रांगेत उभी राहून उतरतात आणि बाग बघून परत चढतात!

गुडघ्यामुळे मी फारशी कुठे उतरत नव्हते. स्कॅगवेला तेवढी खिंडीतून चढत जाणाऱ्या छोट्या आगगाडीत बसले. तिकडे सोन्याची लूट सुरू झाली तेव्हा १८९८ साली हिचं काम सुरू झालं आणि १९०० साली पुरं झालं. बसल्या जागी डोंगर, दरी, धबधबे सगळं दिसतं. एरवी माझी जागा ठरलेली. सातव्या मजल्यावर एक मोठी खिडकी होती, एका बाजूला कॉफीचं दुकान, दुसऱ्या बाजूला जिना, आणि समोर एक टेबल, त्यावर हजार तुकड्यांचं जिगसॉ कोडं मांडून ठेवलेलं. येता जाता कुणीही बसावं, दोन तुकडे जुळवावेत आणि उठावं. मी विणकाम घेऊन तिथे बसायची. शाळेत ऑफिसबाहेर जे बाक असतं ना, तशी ती जागा. कोण कुठे गेलं, कुणाचं कुणाशी बिनसलं, सगळं तिथून कळतं.

चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. जूनमध्ये नवा वर्ग आला की आठवड्याच्या आत कोण हुशार, कोण खोडकर, कोण ढ, हे मनात ठरून जायचं. ती सवय काही निवृत्तीबरोबर जात नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत मी निम्म्या मजल्याचं बारसं करून मोकळी झाले होते. एकसारखे पिवळे टी-शर्ट घातलेल्या सोळा जणांच्या कुटुंबाला "पिवळी वरात". सकाळपासून डेकवर गरागरा फेऱ्या मारणाऱ्या बाईला "प्रदक्षिणा". ताठ कण्याचा, पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा होता, तो "कर्नल". तो बायकोला दंडाला धरून चालवायचा, खुर्चीवर बसवायचा, आणि तिला मेनूकार्डाला हातही लावू न देता तिच्या वतीने जेवण सांगायचा. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "पन्नास वर्षं ही बाई अशीच गप्प बसली असणार," मी मुलीला म्हटलं. आणि चौथी जिगसॉवाली. माझ्याच वयाची, एकटी. जुनोला उतरली नाही, स्कॅगवेला उतरली नाही. बाहेर बर्फाचे डोंगर सरकत होते आणि ही आपली मान खाली घालून पुठ्ठ्याचे तुकडे जुळवते आहे. मी मनात शेरा मारला, "पैसा जास्त, अक्कल कमी."

नात म्हणाली, "आजी, तू सगळ्यांना फार जज करतेस."

मी म्हटलं, "अगं, मी काय कुणाला तोंडावर बोलते आहे का? मनातल्या मनात चालतं."

"म्हणून ते चांगलं होतं का?"

ह्या मुलांना उत्तर देणं अवघड असतं. पण तिचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. आणि मला आमची जुनी बोट आठवली.

माझं माहेर गिरगावातलं, सासर वेंगुर्ल्याचं. तेव्हा कोकणात जायचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून बोटीने. ती गोव्याला जाणारी बोट, वाटेत एकेका बंदरापाशी थांबत जायची. पाणी उथळ असलं की बोट लांब उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या करंड्या होडीतून किनाऱ्याला लागायच्या. पावसाळ्यात सगळं बंद. आता ती बोट बंद पडूनही कित्येक वर्षं झाली. त्या बोटीवर डेकवर सतरंजी पसरली की तासाभरात शेजारची बाई विचारणार, "तुमी खंयचे?" मग गाव, आडनाव, मुलं किती, नवरा काय करतो, सासू बरी आहे का, सगळं. आपलं सांगायचं, तिचं ऐकायचं. रात्र पडेपर्यंत एकमेकींच्या डब्यातलं खाऊन झालेलं असायचं. तिथे कुणाला टोपणनाव द्यायची वेळच यायची नाही, कारण खरं नाव पहिल्या तासात कळायचं.

आता असं विचारणं असभ्य समजतात. मुलगीही मला निघताना बजावून सांगते, "आई, पर्सनल विचारू नकोस हं कुणाला." बरं, नाही विचारत. पण न विचारता त्याच्याबद्दल मनात निकाल लावून टाकायचा, हे मात्र सभ्य! हे मला काही पटत नाही. आणि मी तर दोन्हीकडून अडकलेली. माझं बी. ए. मराठी माध्यमातून झालेलं. इंग्रजी वाचता येतं, पण बोलायला गेलं की वाक्य अर्ध्यावर राहतं. ज्यांच्याशी बोलायचा धीर होत नाही त्यांनाच मी नावं ठेवत होते, हे मला तिथे खिडकीशी बसल्या बसल्या लक्षात आलं. मुलांना शाळेत आपण हेच करू नका म्हणून सांगतो.

म्हणून चौथ्या दिवशी मी उठले आणि जिगसॉच्या टेबलाशी जाऊन बसले. कोड्याला इंग्रजी फारसं लागत नाही. निळ्या आकाशाचे तुकडे मी वेगळे काढले, तिने मान हलवली. अर्ध्या तासाने बोलणं सुरू झालं, माझं मोडकंतोडकं, तिचं सावकाश, माझ्यासाठी मुद्दाम सावकाश. तिची ही अलास्काची अकरावी फेरी होती. बर्फ पाहून झालं होतं. घरी एकटी असते, म्हणाली. तिथे दिवसेंदिवस दाराची घंटा वाजत नाही. इथे टेबलाशी बसलं की कुणी ना कुणी येऊन बसतंच, आणि कोडं मधे असलं की काही बोललं नाही तरी चालतं. आत्ता तू आलीस ना, तशीच माणसं येतात. मी गप्पच झाले. "अक्कल कमी" हा शेरा कुणाच्या नावापुढे लिहायला हवा होता ते कळलं.

पाचव्या दिवशी ग्लेशियर बे. ही खाडी राष्ट्रीय उद्यानात येते आणि दिवसाला दोनच मोठ्या प्रवासी बोटींना आत सोडतात. सकाळी उद्यानाचे रेंजर एका छोट्या बोटीतून आले आणि आमच्या बोटीवर चढून दिवसभर माहिती सांगत होते. १७९४ साली कॅप्टन व्हँकूव्हरच्या मोहिमेतले लोक इथून गेले तेव्हा ही खाडी अशी नव्हतीच, तोंडापाशीच बर्फाचा डोंगर उभा होता. तो आता शंभर किलोमीटरच्या आसपास मागे हटला आहे. शेवटाला मार्जरी नावाची हिमनदी आहे, तिच्यासमोर बोट तासभर उभी राहते. निळसर भिंत, सुमारे दीड किलोमीटर रुंद. सगळी बोट डेकवर लोटली होती. पिवळी वरातसुद्धा गप्प होती.

कठड्याशी माझ्या शेजारी नेमके कर्नल आणि त्यांची बायको. कर्नल तिच्या कानाशी सारखे काही तरी पुटपुटत होते. आधी मला वाटलं, इथेही हुकूम चाललेत. मग शब्द कानावर यायला लागले. उजवीकडे काळा पट्टा आहे, त्यात माती मिसळली आहे. मधे निळं आहे, तुझ्या त्या जुन्या काचेच्या बाटलीसारखं. आता डावीकडे एक सुळका हलतोय, थांब, थांब... आणि तो सुळका कोसळला. पाण्यात पडताना आम्हाला दिसला, आणि मग मागून आवाज आला, ढगांच्या गडगडाटासारखा. इथले मूळ रहिवासी त्लिंगित लोक ह्याला पांढरा गडगडाट म्हणतात, असं रेंजरबाईंनी सांगितलं. कर्नलच्या बायकोने टाळ्या वाजवल्या. तिला फक्त आवाज आला होता. दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

मेनूकार्ड तिच्या हातात का देत नव्हते, दंडाला धरून का चालवत होते, सगळं एका क्षणात उलटं झालं. मी मुलीला तिथेच मराठीत म्हटलं, "मेले मी." पण गोष्ट इथे संपवली तर तीही खोटी होईल. दुपारी त्या दोघांशी मुलीने ओळख काढली, तेव्हा ती बाई हसत म्हणाली, तो सगळं छान वर्णन करतो, पण रोज मला मासा मागवतो. मला मासा आवडत नाही हे त्याला अजून कळलेलं नाही! म्हणजे माझा शेरा अगदीच चुकला नव्हता. अर्धा खोडायचा, अर्धा राहू द्यायचा. माणसं अशीच असतात बहुतेक.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

आमच्या खोल्या साफ करणारा मुलगा होता, तिशीतला. छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली देशाचं नाव असतं, त्यावर इंडिया लिहिलेलं. पहिल्या दिवशी तो इंग्रजीत बोलला, मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्याच्या व्हॅक्युम क्लीनरची वायर दारात अडकली आणि त्याच्या तोंडून ती मालवणीतली जगप्रसिद्ध शिवी निघाली, "आवशीचो घो!" मी मागेच उभी. म्हटलं, "खंयचो रे तू?" त्याचा चेहरा असा झाला की विचारू नका. सावंतवाडीकडचा निघाला. मी वेंगुर्ल्याची सून आणि मास्तरीण म्हटल्यावर लगेच "बाईनू" सुरू झालं.

गोव्याकडे आणि तळकोकणात घरटी कुणी तरी बोटीवर, हे आम्हाला नवं नाही. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात. पूर्वी मालवाहू बोटींवर असायचे, आता ह्या पर्यटनाच्या बोटींवरही बरेच असतात. त्याचं कंत्राट आठ महिन्यांचं. आठ महिन्यांत रविवार नाही, सुट्टी नाही. २०१३ साली अंमलात आलेला एक आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याप्रमाणे चोवीस तासांत निदान दहा तास विश्रांती द्यावी लागते. म्हणजे बाकीचे चौदा उरतातच. मुलगा पाचवीत, मुलगी बालवाडीत. मी त्याच्याकडून हे सगळं काढून घेतलं, अगदी जुन्या बोटीवर काढायचे तसं. आणि माझी समजूत अशी की आपण ह्या मुलाशी किती आपुलकीने वागतो आहोत.

सहाव्या दिवशी सकाळी तो दारात घुटमळला. म्हणाला, "बाईनू, एक इचारू? माझा काम तुमका पसंत नाय काय?"

मी चाटच पडले. म्हटलं, असं का वाटलं तुला?

तर झालं होतं असं. मी रोज उठल्यावर माझा बिछाना मीच नीट करत होते. टॉवेल घडी करून ठेवत होते. पाण्याचं भांडं स्वतः विसळून पालथं घालत होते. तो आला की म्हणायची, "माझं राहू दे रे, नातीचं तेवढं बघ." माझ्या मनात एवढंच, की हा लेकराचा बाप, चौदा तास राबतो, त्याच्याकडून आपला बिछाना कशाला घालून घ्यायचा. लाज वाटायची. पण त्याने ते कसं वाचलं, तर, "माका वाटला, माझो हात लागलेलो तुमका चलणा नाय."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. खोल्यांच्या यादीत त्याने माझं आडनाव पाहिलं होतं. त्याचं आडनाव मला माहीत होतं. माझ्या वयाची, ह्या आडनावाची बाई भांड्याला आणि बिछान्याला हात लावू देत नाही, म्हटल्यावर त्याने जो अर्थ काढला तो काही आभाळातून पडलेला नव्हता. त्याच्या आजीने असल्या बायका पाहिल्या असतील. माझ्या सासरी, माझ्या डोळ्यांदेखत, वेगळ्या ठेवलेल्या कपबशा होत्या. मी त्या कधी वापरायला काढल्या नाहीत, पण फेकूनही दिल्या नव्हत्या. तेव्हा धीर झाला नव्हता.

सहा दिवस मी त्या खिडकीत बसून जगाचे शेरे लिहीत होते, आणि हा मुलगा माझा शेरा लिहीत होता. रोज बिछाना बघून, भांडं बघून. आणि तो शेरा मनात ठेवूनही रोज हसून "बाईनू" म्हणत होता. वर त्याला दुसरी काळजी, की बाईंनी कागदावर तक्रार लिहिली तर? प्रवाशांच्या अभिप्रायावर त्यांचं पुढचं कंत्राट, बढती बरंच काही अवलंबून असतं. मी त्याला खाली बसवलं (तो बसायला तयार नव्हता) आणि खरं कारण सांगितलं. त्याला पटलं की नाही देव जाणे. "बरां, बरां," म्हणाला. पण जाताना माझी उशी उचलून त्याने मुद्दाम झटकली आणि नीट ठेवली. मी म्हटलं, "घाल बाबा, उद्यापासून बिछाना तूच घाल." तेव्हा मात्र तो खरा हसला. उद्याचा एकच दिवस उरला होता.

त्या रात्री झोप आली नाही. एक जुना मुलगा आठवत होता. १९८० च्या आसपासची गोष्ट, वेंगुर्ल्याकडच्या शाळेतली. सहावीतला मुलगा. अकराच्या सुमाराला ह्याचं लक्ष खिडकीबाहेर. हाक मारली तरी पत्ता नाही. दोनदा वर्गातून न विचारता पळाला. मी सहामाहीच्या प्रगतिपुस्तकावर लिहिलं, "चंचल. अभ्यासात लक्ष नाही." निळ्या शाईने, ठसठशीत. उन्हाळ्यात त्याचे वडील आले, दहा महिन्यांनी बोटीवरून घरी आलेले. प्रगतिपुस्तक हातात घेऊन शाळेत आले. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाईनू, अकराक पोस्टमन येता. तो माझ्या पत्राची वाट बघता."

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. दुसरं प्रगतिपुस्तक करून द्यायला हवं होतं, तेही केलं नाही, कारण शाईने लिहिलेलं खोडायचं नाही असा शाळेचा नियम. नियमाआड लपणं सोपं असतं. तो मुलगा आता पन्नाशी उलटून गेला असेल. ते पुस्तक कुठे तरी ट्रंकेत असेल आणि त्यावर माझी सही.

तर माझं म्हणणं असं आहे. माणसं बघू नयेत असं मी म्हणणार नाही. बघावीत. माणसांकडे बघायचं सोडलं की माणूस फोनकडे बघत बसतो, ते बोटीवरही चाललेलं होतंच. आणि बघितलं की मनात शेरा उमटणार, तोही आपल्या हातात नाही. पण तो पेन्सिलीने लिहावा. खोडरबर जवळ ठेवावं. आणि जिथे शक्य आहे तिथे सरळ विचारावं. विचारण्याने माणूस दुखावतो त्यापेक्षा न विचारता ठरवण्याने जास्त दुखावतो, असं मला ह्या वयात वाटायला लागलं आहे. त्या मुलाने मला सहाव्या दिवशी विचारलं म्हणून माझ्या नावापुढचा शेरा निदान अर्धा तरी खोडला गेला. विचारलं नसतं तर मी "भांडं न शिवणारी म्हातारी" म्हणून त्याच्या मनात जन्मभर राहिले असते, आणि मला पत्ताही लागला नसता. अशी मी आणखी किती जणांच्या मनात राहिले असेन?

हे सगळं शहाणपण सुचून एक दिवसही झाला नाही तोच परीक्षा आली.

बोटीवर आमची एका मराठी कुटुंबाशी ओळख झाली होती. न्यू जर्सीला असतात. गृहस्थ साठीचे, फार रसाळ बोलायचे. ज्ञानेश्वर, तुकाराम तोंडपाठ. रात्री जेवणानंतर आमची छान मैफल जमायची. त्यांचा शेरा मी पहिल्याच दिवशी मनात पक्का करून टाकला होता, "सज्जन, सुसंस्कृत." शेवटच्या संध्याकाळी मी आणि मुलगी हिशेबाच्या काउंटरवर रांगेत उभ्या होतो. पुढे ते गृहस्थ. बोटीवर खोली झाडणाऱ्यांची, वाढणाऱ्यांची बक्षिसी म्हणून रोज माणशी सोळा ते वीस डॉलर आपोआप बिलात धरतात. कुणाला नको असेल तर काउंटरवर सांगून ती काढून घेता येते. ते गृहस्थ ती काढून घेत होते. चार माणसांची, सातही दिवसांची. शांतपणे, गोड आवाजात.

त्यांच्या खोल्या आमच्याच बाजूच्या. म्हणजे त्याच मुलाकडच्या.

माझा हात निळ्या शाईच्या पेनाकडेच गेला होता, खोटं कशाला बोलू. मग मुलगी म्हणाली, "आई, कदाचित त्याला हातात रोख दिले असतील. काही जण तसं करतात." असेलही. दिले असतील तर चांगलंच. मला विचारता आलं असतं, ते अगदी पुढ्यात होते, शिवाय मराठी बोलणारे. इंग्रजीची सबबही नव्हती. पण मी विचारलं नाही. सरळ विचारावं हे मी वर इतक्या जोरात लिहिलं आहे, आणि वेळ आली तेव्हा मीच गप्प बसले. आपल्या माणसाला असं विचारायचं म्हणजे काय, असं वाटलं.

अभिप्रायाचा कागद मात्र मी त्याच रात्री भरला. त्या सावंतवाडीकडच्या मुलाबद्दल चार ओळी, नातीकडून इंग्रजी तपासून घेऊन. तो एक शेरा शाईने लिहिला, कारण तिथे खोडरबर लागणार नव्हतं.

आणि न्यू जर्सीच्या गृहस्थांचा अजून लिहिलेला नाही. त्यांचा दिवाळीला फोन आला होता. फार प्रेमाने बोलले, पुण्याला आलो की भेटतो म्हणाले. आले की चहा देईन, चकल्या देईन, आणि मनाचा हिय्या करून विचारेन म्हणते. जमेल का ते माहीत नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं, कळवा.

असो. फोटो मागू नका, ते सगळे मुलीच्या फोनमध्ये आहेत आणि बहुतेक फोटोंत देवमाशाचं फक्त शेपूट आहे.